पाच किलो दोनशे

बाजारपेठेत शेंगदाण्याच्या दुकानात काटा आहे,
तिथं मी सॅक ठेवली. पोराची, कॉलेजची.
सात किलो नऊशे.
दुकानदार म्हणाला, ताई, गडावर चाललात की नांदायला?

झेलाबाई मागंच उभी होती.
सतरा चैत्र चालली ती, पारोळ्याहून थेट पायऱ्यांपर्यंत.
आता गुडघ्यात गादी उरली नाही म्हणतात,
म्हणून यंदा नुसती जीभ चालते.
"इतलं वझं कसाले व माय? बठ्ठं काढ."

तर माझ्या दुकानात,
शिलाई मशीनच्या पायाशी, चिंध्या बाजूला सारून
आम्ही दोघी सॅक उपसत बसलो.

तीन साड्या. एक ठेव.
ती पॉलिस्टरची नको, धुळ्याच्या पुढं डांबर पाझरतं,
घामानं अंगाला चिकटली की कातडं घेऊन निघते.
जुनी सुती घे, काठ विरलेली.
परकराची नाडी बदल, रुंद पट्टी लाव.
ब्लाउज चार नको, दोन,
आणि काखेतली शिवण बाहेरून घे, आतून घासते,
हे तुला मी सांगायचं? तू तर टेलर.

मी लाजले.
वीस वर्षं बायकांची मापं घेतली,
पण हा ब्लाउज घालून कुणी पावणेदोनशे किलोमीटर चालेल
असं धरून एकही काख बेतली नव्हती.

नवे सँडल खोक्यासकट परत.
"पाय बोलतस, आपन आयकानं."
जुनीच चप्पल, जिच्यात अंगठ्याचा खड्डा पडलाय.
मोजे दोन जोड. एरंडेलाची बाटली.
सुई तर हवीच, पण दोऱ्यासकट:
फोडातून दोरा ओवून ठेवायचा, रात्रीतून पाणी झिरपून जातं.
कांदा पदराच्या गाठीत.
मीठ-साखरेची पुडी, दगडासारखी होते, असू दे.
कळण्याची भाकरी पहिल्या दिवसापुरती;
पुढं रस्त्यात मंडप असतात, हात धरून जेवायला बसवतात,
नको म्हटलं तर रागावतात.
आरसा काढ. पावडर राहू दे, मांड्यांना.
उशी?
ती इतकी हसली की ठसका लागला.

मधेच मी विचारलं,
देवीला अकरा वार लुगडं लागतं ते समजलं,
पण चोळी?
अठरा हात. मुंढे कसे काढले असतील,
कुठल्या हाताची बाही आधी जोडायची?
झेलाबाई म्हणाली, सतरा वर्षांत माझ्या मनात हे आलं नाही.
मी वर पोचले की रडायचे फक्त.

मग ती जरा गप्प झाली.
माझी मोजपट्टी मी हळूच कप्प्यात सरकवत होते,
ती तिनं काढून घेतली, गुंडाळली, खुंटीला टांगली.
"डोयाघाई माप ले."

काट्यावर पुन्हा: चार किलो चारशे.
शेंगदाणेवाल्यानं मान डोलावली.
मी पट्टे ओढले, चेन लावणार,
तेवढ्यात झेलाबाईनं पदराआडून नारळ काढला.
शेंडीसकट, लाल खणात बांधलेला,
गाठ इतकी घट्ट की पुष्कळ दिवसांपूर्वी मारलेली असावी.
उशीच्या जागी, साडीच्या घडीत, तो नीट बसवला.
सॅक काट्यावरच होती.
त्या माणसानं कुणी न विचारता आकडा वाचला.
पाच किलो दोनशे.
झेलाबाई शेंगदाण्यांच्या पोत्याकडं बघत राहिली.
"हाई वझामा धरू नको."

रात्री सॅकच्या पट्ट्यांना जुन्या चादरीची घडी लावली,
दुहेरी टीप मारली.
दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं,
ब्लाउज पौर्णिमेनंतर मिळतील.
ज्यांची लग्नं आहेत त्यांनी खुशाल शिव्या द्याव्यात.

दीडला लाइट गेली.
अंधारात चप्पल घालून, सॅक पाठीला लावून
मी मशीनपासून मोरीपर्यंत चालून पाहिलं, सात-आठ वेळा.
नारळ आत गडगडत होता.
दुसऱ्या ब्लाउजची एक काख
अजून उसवायची राहिली होती.